सार्रिया ते सांतियागो: कॅमिनोचे शेवटचे ११५ किलोमीटर कसे चालावेत

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या सांतियागो दे कॉम्पोस्तेला या शहराकडे जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गांना 'कॅमिनो' म्हणतात. येशूच्या बारा शिष्यांपैकी जब्दीचा मुलगा याकोब याची कबर तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे, अशी नवव्या शतकापासूनची श्रद्धा आहे. स्पॅनिशमधला सांतियागो म्हणजेच इंग्रजीतला सेंट जेम्स. वसईजवळच्या आगाशीचं चर्चही सेंट जेम्सच्याच नावाचं. सगळ्यात रुळलेला मार्ग 'कॅमिनो फ्रान्सेस' फ्रान्सच्या हद्दीतून निघतो, पिरनीज ओलांडतो आणि सुमारे ७८० किलोमीटरनंतर सांतियागोला पोचतो. तो पूर्ण करायला पाच आठवडे लागतात. एवढी रजा नसेल तर सार्रिया या गावापासूनचे शेवटचे ११५ किलोमीटर चालता येतात. यात्रेच्या प्रमाणपत्राला किमान १०० किलोमीटर चालण्याची अट आहे आणि सार्रिया त्या अटीत जेमतेम बसतं. गर्दी इथूनच का सुरू होते, ते यावरून कळावं.

वाट सोपी आहे. कडे नाहीत, जंगलात हरवणं नाही, दर तासा-दीड तासाला कुठेतरी कॉफी मिळते. घोटाळा या सोपेपणातच आहे. 'एवढं तर आपण सहज चालू' म्हणून नवे बूट घालून आणि नऊ किलोची सॅक पाठीवर टाकून माणूस निघतो. पहिल्या दिवशी झपाझप चालतो आणि तिसऱ्या दिवशी लंगडतो. इथे दम लागून कोणी थांबत नाही, पायाच्या कातड्यामुळे आणि नडग्यांमुळे थांबतं. म्हणून खालच्या मजकुरात पायांना जरा जास्त जागा दिली आहे.

पाच नव्हे, सहा दिवस

छापील वेळापत्रकं बहुतेक पाच दिवसांची असतात. त्यात तिसऱ्या दिवशी पालास दे रेइ ते आर्सुआ असे २९ किलोमीटर येतात. आधीच्या दोन दिवसांत ४७ किलोमीटर झालेले असतात आणि हा पट्टा सतत चढ-उताराचा आहे. बहुतेकांचे पाय इथेच जातात. मधल्या मेलिदे गावी मुक्काम करून हा टप्पा तोडा. मग हिशोब असा होतो: सार्रिया–पोर्तोमारीन २२, पोर्तोमारीन–पालास २५, पालास–मेलिदे १५, मेलिदे–आर्सुआ १४, आर्सुआ–ओ पेद्रोउसो १९, ओ पेद्रोउसो–सांतियागो २०. सांतियागोत दोन रात्री ठेवा. मुंबईहून निघून परत येईपर्यंत अकरा-बारा दिवस धरा.

कधी जावं

मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये स्पेनमधले लोकच सुट्टीला बाहेर पडतात, ईस्टरच्या आठवड्यातही तेच होतं. हिवाळ्यात बऱ्याच धर्मशाळा बंद असतात. पाऊस मात्र गॅलिसियात, म्हणजे सांतियागो ज्या प्रांतात आहे तिथे, कुठल्याही महिन्यात येतो. आपल्यासारखा कोसळत नाही, दिवसभर रिपरिपत राहतो आणि बूट ओले ठेवतो.

२५ जुलै हा संत याकोबाचा सण. तो रविवारी आला की ते वर्ष 'पवित्र वर्ष' मानलं जातं आणि २०२७ हे तसं वर्ष आहे. एरवीही वर्षाला जवळपास पाच लाख लोक प्रमाणपत्र घेतात. २०२७ मध्ये जायचं असेल तर राहण्याची सोय कित्येक महिने आधी करा.

घड्याळाचा एक खोडा आधीच ध्यानात घ्या. स्पेनचं घड्याळ मध्य युरोपचं आणि गॅलिसिया पार पश्चिमेला. जूनमध्ये सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि रात्री दहानंतर मावळतो. ऑक्टोबरच्या मध्याला तर साडेआठनंतर उजाडतं. 'पहाटे पाचला निघू' ही आपली ट्रेकची सवय इथे चालत नाही. त्या वेळी काळोख असतो, खुणा दिसत नाहीत आणि न्याहारीही मिळत नाही.

व्हिसा आणि पोचणं

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो किमान १५ दिवस आधी करायची मर्यादा आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अडचण येते ती मुक्कामाच्या पुराव्यात. सरकारी धर्मशाळा आगाऊ बुकिंग घेतच नाहीत, त्यामुळे 'जिथे जागा मिळेल तिथे राहू' हा बेत अर्जावर लिहिता येत नाही. सगळ्या रात्रींची खासगी बुकिंग हातात असलेली बरी.

विमानाने माद्रिदला उतरून रेल्वेने गॅलिसियात येता येतं. किंवा थेट सांतियागोला पोचून बसने लुगो आणि लुगोहून दुसऱ्या बसने सार्रिया गाठता येतं. ज्या दिवशी उतराल त्याच दिवशी चालायला लागू नका. विमानात पाय सुजलेले असतात आणि सुजलेला पाय बुटात घासतो.

तूप, पेढे, बर्फी, चीज असले दुधाचे पदार्थ आणि कुठलंही मांस युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाही. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट चालेल.

तयारी: आठ आठवडे

पहिले तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस ५-६ किलोमीटर आणि एक दिवस १० किलोमीटर चाला. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सॅक चढवा, आधी तीन किलो आणि मग पूर्ण वजन. शनिवारी १५ आणि रविवारी १२ किलोमीटर करा. सातव्या आठवड्यात सलग दोन दिवस २० आणि १८. आठव्यात फक्त हलकं चालणं.

सलग दोन दिवस चालण्याला पर्याय नाही. एका दिवसात ३० किलोमीटर मारून काहीच सिद्ध होत नाही. दम आणि स्नायू रात्रीत सावरतात, कातडं आणि स्नायुबंध सावरत नाहीत, आणि ते दुसऱ्या दिवशीच कळतं. उताराचा सरावही वेगळा करा. सिंहगड चढून गाडीने खाली येणाऱ्यांचा उपयोगाचा अर्धा व्यायाम बुडतो. चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं, त्यातही सॅक घेऊन. गड जवळ नसेल तर इमारतीचे जिने चालतील.

बूट, मोजे, फोड

या वाटेला घोट्यावर चढणारे जड चामड्याचे बूट लागत नाहीत. जाड तळव्याचे, हलके ट्रेल रनिंग बूट पुरतात. नेहमीच्या मापापेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे घ्या आणि संध्याकाळी, पाय फुगलेले असताना घ्या. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. ती नसली की उतारावर बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात. निघण्याआधी त्याच बुटांत १०० किलोमीटर झालेले असावेत. वॉटरप्रूफ बुटांचा मोह आवरा. पाऊस वरच्या तोंडातून आत जातोच आणि मग ते दोन दिवस वाळत नाहीत.

फोड उष्णता, ओल आणि घर्षण एकत्र आल्यावर येतो. तिघांपैकी एक काढलं तरी बहुतेक टळतो. सुती मोजे घाम धरून ठेवतात, म्हणून मेरिनो लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या. सकाळी बोटांमध्ये आणि टाचेवर व्हॅसलीन चोळा. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय दहा मिनिटं उघडे ठेवा, ओले मोजे सॅकला सेफ्टी पिनने टांगा आणि दुसरे घाला.

एखादी जागा चुरचुरायला लागली तर त्याच क्षणी थांबा. 'पुढच्या गावात बघू' म्हणेपर्यंत फोड तयार होतो. जागा कोरडी करून कापडी चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. फोड आलाच आणि लहान, न दुखणारा असेल तर फोडू नका, झाका. मोठा आणि ताणलेला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला दोन भोकं पाडा, पाणी काढा, वरचं कातडं तसंच ठेवा, जंतुनाशक लावून झाका. सुईतून दोरा ओवून तो आत ठेवण्याचा सल्ला वाटेत हमखास मिळेल. ऐकू नका, त्या दोऱ्यावरून जंतू आत जातात. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या जेलच्या पट्ट्या उत्तम, पण चिघळलेल्या जखमेवर नकोत आणि एकदा लावल्यावर ओढून काढू नका, कातडं सोबत येतं. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर 'सेन्त्रो दे सालुद' म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र शोधा. मधुमेह असेल तर स्वतः सुई लावूच नका.

नडगीच्या पुढच्या बाजूला, घोट्याच्या वर दुखायला लागलं तर ते उताराचं दुखणं. बुटाची वरची नाडी सैल करा, पावलं आखूड टाका, संध्याकाळी बर्फ लावा. तरीही वाढत गेलं तर एक दिवस थांबा. सहा दिवसांच्या बेतात एक दिवस मोकळा ठेवला तर तो इथे कामी येतो.

सॅक

वजन शरीराच्या दहा टक्क्यांच्या आत, पाण्यासकट. ६५ किलोच्या माणसाला साडेसहा किलो. ३० ते ३५ लिटरची, कमरेला पट्टा असलेली सॅक पुरते. लवकर वाळणारे दोन टी-शर्ट, दोन पँट, मोज्यांच्या तीन जोड्या, तीन अंतर्वस्त्रं, एक फ्लीस, सॅकसकट झाकणारा पोंचो, संध्याकाळसाठी सपाता, झोपण्याची पातळ पिशवी, पातळ टॉवेल, कपाळावरची विजेरी, कानातले बोळे आणि स्वतःची औषधं. बोळे विसरू नका. वीस जणांच्या खोलीत किमान दोघं घोरतात. जीन्स आणि सुती कपडे घरी ठेवा. आपला दोन गोल पिनांचा चार्जर तिथे चालतो, तीन पिनांचा नाही. चालण्याच्या काठ्या विमानात हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. मोठ्या बॅगेत टाका किंवा सार्रियात विकत घ्या.

वारीत दिंडीचं सामान ट्रकमधून पुढे जातं, इथेही ती सोय आहे. काही युरो दिले की सॅक पुढच्या मुक्कामी पोचते. सकाळी पाकिटात पैसे घालून, मुक्कामाचं नाव लिहून ते सॅकला बांधायचं. सरकारी धर्मशाळा अशा सॅका स्वीकारत नाहीत, पोचवण्याचा पत्ता खासगी मुक्कामाचा द्या. पाठ दुखत असेल तर हे वापरण्यात कमीपणा काही नाही, प्रमाणपत्रालाही बाध येत नाही.

क्रेदेन्सिआल आणि शिक्के

'क्रेदेन्सिआल' म्हणजे यात्रेकरूची घडीची वही. सार्रियात चर्चमध्ये आणि मादालेना मठात एक-दोन युरोला मिळते. ती दाखवल्याशिवाय यात्रेकरूंच्या धर्मशाळेत जागा मिळत नाही. या शेवटच्या टप्प्यात रोज किमान दोन शिक्के हवेत, तारखेसकट. धर्मशाळा, चर्च, कॉफीची दुकानं सगळीकडे शिक्का असतो. एक मुक्कामी आणि एक वाटेत असा नियम ठेवला की चुकत नाही. लोक चुकतात ते दोन कारणांनी: मुक्कामाचा एकच शिक्का घेतात, किंवा दमून मधला तुकडा टॅक्सीने करतात. टॅक्सी घेतली की सलग चालण्याची अट मोडते.

वाट, दिवसागणिक

खूण पिवळ्या बाणाची. ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८४ मध्ये ते रंगवायला सुरुवात केली. गॅलिसियात त्याच्या जोडीला शिंपल्याचं चित्र आणि उरलेले किलोमीटर लिहिलेले दगड आहेत. शिंपल्याच्या तोंडावरून दिशा ठरवू नका, बाण पाहा. काही दगडांवर आकड्याची पाटीच नसते. आठवण म्हणून उपटून नेणारे महाभाग सगळीकडे असतात. 'कोम्प्लेमेंतारियो' लिहिलेला फाटा म्हणजे पर्यायी वाट. पावसात मुख्य वाटेनेच जा.

पहिला दिवस. सार्रियाच्या पायऱ्या चढून मठापाशी या, तिथून ओढा आणि रेल्वेरूळ ओलांडून ओक-चेस्टनटच्या झाडीतून बार्बादेलोचा चढ लागतो. पुढे दगडी कुंपणांतल्या गल्ल्या, शेणाचा वास आणि खांबांवर उभारलेली 'ओरेओ' नावाची कणगी. फेरेइरोसजवळ १०० किलोमीटरचा दगड आहे, फोटोसाठी तिथे रांग असते. शेवटचा उतार मिन्यो नदीपर्यंत तीव्र आहे आणि दमलेल्या गुडघ्यांना तोच भोवतो. काठ्या इथे काढा. लांब पूल ओलांडल्यावर वर उंच जिना उभा! जुनं पोर्तोमारीन १९६० च्या दशकात बेलेसार धरणाखाली गेलं. चर्चचे दगड क्रमांक टाकून वर आणून पुन्हा रचले. भिंतीवर ते आकडे अजून शोधता येतात.

दुसरा दिवस सुमारे १३ किलोमीटर सौम्य पण न संपणाऱ्या चढाचा, लिगोंदेच्या डोंगररांगेपर्यंत. सकाळी धुकं असतं. रस्त्याला समांतर चालावं लागतं, कंटाळवाणं आहे. कास्त्रोमाइओर गावाबाहेर रोमनांच्या आधीच्या काळातल्या तटबंदीच्या वस्तीचे अवशेष वाटेपासून चार पावलांवर आहेत. बहुतेक जण मान खाली घालून पुढे निघून जातात. तसं करू नका.

तिसऱ्या दिवशी फुरेलोसचा मध्ययुगीन पूल आणि दुपारच्या आत मेलिदे. इथे 'कॅमिनो प्रिमितिवो' ही दुसरी यात्रावाट येऊन मिळते. गाव ऑक्टोपससाठी प्रसिद्ध आहे: तांब्याच्या हंड्यात उकडून, कात्रीने कापून, लाकडी ताटलीत ऑलिव्ह तेल, जाडं मीठ आणि लाल मिरचीची पूड घालून देतात. मासे खाणाऱ्याने चुकवू नये.

चौथा दिवस छोटा असला तरी ओढ्यांच्या खोऱ्यांत उतरत-चढत जातो. रिबादिसोला इसो नदीच्या पुलाखाली पाय बुडवून बसायचा मोह होतो. पण पुढे आर्सुआपर्यंत तीन किलोमीटरचा चढ बाकी आहे आणि भिजून मऊ पडलेलं कातडं लगेच सोलतं. बसायचंच असेल तर पाय पूर्ण वाळवून मगच मोजे घाला, किंवा मुक्कामच रिबादिसोला करा. आर्सुआत उत्तरेकडचा कॅमिनो येऊन मिळतो, गर्दी वाढते. इथलं मऊ चीज पावासोबत खाऊन बघा.

पाचव्या दिवशी निलगिरीची राई. वाट सोपी, पण वाहता महामार्ग अनेकदा ओलांडावा लागतो. कानातले हेडफोन काढा. ओ पेद्रोउसो गाव मुख्य वाटेच्या जरा बाजूला आहे. बाणांच्या मागे डोळे मिटून गेलात तर गाव मागे राहतं, म्हणून शेवटचे दोन किलोमीटर नकाशा उघडा ठेवा.

सहावा दिवस विमानतळाला वळसा घालून लावाकोयाला येतो. मध्ययुगात यात्रेकरू इथे ओढ्यावर अंघोळ करून शहरात शिरत. मोन्ते दो गोसो टेकडीवरून कॅथेड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसतात. उरलेले पाच किलोमीटर शहरातल्या कठीण फरशीवर असतात आणि ते दहासारखे वाटतात.

मुक्काम आणि जेवण

'आल्बेर्गे' म्हणजे धर्मशाळा. गॅलिसिया सरकारच्या आल्बेर्गेत सुमारे १० युरोत एक खाट, एकच रात्र, आगाऊ बुकिंग नाही. दुपारी एकला उघडतात, रात्री दहाला दिवे बंद. स्वयंपाकघर असतं, भांडी बहुधा नसतात. खासगी आल्बेर्गे थोडं महाग, पण बुकिंग होतं. सॅक कधीही गादीवर ठेवू नका. ढेकूण सॅकमधूनच पसरतात. खाट घेण्याआधी गादीच्या शिवणी विजेरीने बघा.

'मेनू देल पेरेग्रीनो' म्हणजे यात्रेकरूंचं तीन पदार्थांचं ताट, पावासकट १२ ते १५ युरो. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद, रविवारी बहुतेक सगळी. शाकाहारी माणसाला उपाशी राहावं लागत नाही, पण सावध राहावं लागतं. 'एन्सालादा मिक्स्ता' या साध्या कोशिंबिरीत ट्यूना मासा असतो, 'काल्दो गाय्येगो' या पालेभाजीच्या सूपात डुकराची चरबी, मसुरीत सॉसेज. 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन' हे पाठ करा: मांस नको, मासा नको, हॅम नको. बटाट्याच्या 'तोर्तिया'त अंडं असतंच. अंडंही न खाणाऱ्याने सुपरमार्केटमधून बाटलीतले उकडलेले हरभरे, टोमॅटो, पाव आणि फळं घ्यावीत. घरची चटणी इथे सोन्याच्या भावाची. नळाचं पाणी पिण्यालायक आहे. वाटेतल्या झऱ्यावर 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तर पिऊ नका. आणीबाणीचा क्रमांक ११२.

पोचल्यावर

दुपारी बाराच्या यात्रेकरूंच्या मिस्सासाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठी, काळोखात धावत सुटू नका, संध्याकाळीही मिस्सा असते. कॅथेड्रलमध्ये सॅक नेऊ देत नाहीत, आधी ती मुक्कामी ठेवा. कुठल्याही धर्माच्या माणसाला आत बसता येतं. पवित्र भाकर मात्र कॅथलिक नसलेल्यांनी घ्यायची नसते, त्या वेळी जागेवरच बसून राहावं. सुमारे ५३ किलोचं 'बोताफुमेइरो' हे धूपपात्र आठ माणसं दोरीने झुलवतात, पण ते रोज होत नाही. ठरलेल्या सणांना किंवा कोणी खर्च उचलला तर होतं. मास्तर मातेओचं ११८८ सालचं शिल्पद्वार बघायला वेगळं तिकीट लागतं.

प्रमाणपत्रासाठी रुआ दास कार्रेतासवरच्या यात्रेकरू कार्यालयात जा. आधी ऑनलाइन माहिती भरून क्रमांक घ्यायचा, मग खिडकीवर वही दाखवायची. चालण्याचं कारण विचारतात. धार्मिक किंवा आध्यात्मिक म्हटलंत तर लॅटिनमधलं 'कॉम्पोस्तेला' मिळतं, नावही लॅटिन वळणाने लिहितात आणि त्याला पैसे पडत नाहीत. ख्रिस्ती असण्याची अट नाही. चाललेलं अंतर लिहिलेलं दुसरं प्रमाणपत्र ३ युरोला मिळतं. दोन्ही कागद मोठे आहेत आणि सॅकमध्ये दुमडतात. तिथेच पुठ्ठ्याची नळी विकत मिळते, ती घ्या.